तीन तिघाडा, काम बिघाडा? : एफपीजीए, वैश्विक किरण आणि माझी एक फुकट गेलेली रात्र

घाटकोपरी
६ डिसेंबर २०२५, रात्री ११:५२

मंडळी,

गेल्या शनिवारी सकाळी नागपूरला जायचं म्हणून टर्मिनल दोनला पोचलो, तर विमान लेट. काउंटरवरची मुलगी म्हणाली, सॉफ्टवेअरचं काम चालू आहे. रांगेतले एक काका मोबाइलवरची बातमी मोठ्याने वाचत होते, "सूर्याच्या किरणांनी म्हणे विमानातला काँप्युटर बिघडतो." मागून कोणीतरी म्हणालं, "मग रात्रीची न्या की!" अख्खी रांग हसली. मीही हसलो, पण जरा कसनुसंच. कारण गेले पाच महिने मी पोटासाठी हेच दळण दळतोय.

बातमी तुम्हीही वाचली असेल. ३० ऑक्टोबरला अमेरिकेत एका ए-३२० विमानाने उडता उडता एकाएकी नाक खाली घातलं, काही प्रवासी जखमी झाले. २८ नोव्हेंबरला एअरबसने जाहीर केलं की तीव्र सौर किरणोत्सर्गामुळे उड्डाण-नियंत्रणाचा डेटा बिघडू शकतो. जगभरात सुमारे ६००० विमानांना हात लावायची वेळ आली. पण हा धागा विमानांवर नाही. तो ज्या चिपवर माझं घर चालतं तिच्यावर आहे: एफपीजीए, म्हणजे विकत घेतल्यावरही आतली जोडणी हवी तशी बदलता येणारी चिप.

नेहमीची चिप म्हणजे बांधून झालेली इमारत, भिंत हलवता येत नाही. एफपीजीए म्हणजे मंगल कार्यालयाचा हॉल. सकाळी मुंज, संध्याकाळी रिसेप्शन, दुसऱ्या दिवशी साड्यांचा सेल. स्टेज कुठे, पंगत कुठे, पडदे कुठे, हे मॅनेजरच्या वहीत लिहिलेलं असतं आणि माणसं वही बघून हॉल लावतात. एफपीजीएतली ही वही म्हणजे कॉन्फिगरेशन मेमरी. कुठली तार कुठल्या तारेला जोडायची, कुठल्या छोट्या तक्त्यात कुठलं उत्तर भरायचं, सगळं तिच्यात. आर्टिक्स-७ मालिकेतली ३५टी ही तशी बारकी चिप, तरी तिच्या वहीत सुमारे पावणेदोन कोटी बिट आहेत.

आता अवकाशातला एखादा जड कण सिलिकॉनमधून आरपार गेला की वाटेत विद्युतभाराची रेघ सोडून जातो. ती रेघ नेमकी मेमरीच्या एखाद्या पेशीवरून गेली तर ० चा १ होतो. साध्या मेमरीत झालं तर एक आकडा चुकला, संपलं. वहीत झालं तर सर्किटच बदललं. स्टेजचं दार भटारखान्यात उघडलं, आणि कोणी वही दुरुस्त करेपर्यंत ते तसंच राहणार. चिप जळत नाही, तापत नाही, सगळे व्होल्टेज जागच्या जागी. फक्त काम भलतंच चालू.

उपाय जुना आहे. एकच सर्किट तीनदा बसवायचं आणि पुढे मतं मोजणारा व्होटर. दोघं म्हणतील ते खरं. बेभरवशाच्या भागांपासून भरवशाचं यंत्र कसं बांधावं यावर गणिती फॉन न्यूमनने १९५६ मध्ये जे लिहिलं त्यात ही बहुमताची कल्पना आहे. चंद्राकडे माणसं नेणाऱ्या सॅटर्न-५ रॉकेटच्या संगणकातला तर्कभाग असाच तिहेरी होता. आपल्याकडे तीन तिघाडा काम बिघाडा म्हणतात, इथे उलटं.

आमची महापेला छोटी कंपनी आहे. एका लहान उपग्रहावर जाणारा बोर्ड करतोय, काम एवढंच की कॅमेऱ्याची चित्रं आवळून खाली पाठवण्याजोगी करायची. जुलैत मी मोठ्या उत्साहाने सगळ्या नियंत्रणाचे तीन संच केले, व्होटर लावले, टूल (आपण लिहिलेल्या डिझाइनचं सर्किट करून देणारं सॉफ्टवेअर) चालवलं. रात्री रिपोर्ट आला, सगळं हिरवं, टायमिंग पास. मग मुद्दाम चुका घालायची चाचणी रात्रभर लावून घरी गेलो. (अशी सोय असते. चिपमध्येच एक दुरुस्तीचा कोअर, म्हणजे तयार सर्किट, बसवता येतो. सीरियल पोर्टवरून त्याला पत्ता दिला की तो वहीतला तेवढाच बिट पलटवतो.) सकाळी येऊन बघतो तर डिझाइन पूर्वी जेवढं कोसळत होतं, साधारण तेवढंच कोसळलेलं.

मग तो हिरवा रिपोर्ट पहिल्यांदा नीट वाचला. फ्लिप-फ्लॉपची (एकेक बिट लक्षात ठेवणाऱ्या सर्किटांची) संख्या तिप्पट व्हायला हवी होती. ती होती तेवढीच! टूलने पाहिलं, तीन संच हुबेहूब सारखे, इनपुटही सारखे. मग कशाला तीन? कारकुनी इमानदारीने त्याने दोन काढून टाकले आणि तिन्ही मतं एकाच्या नावावर मांडली. व्होटर बिचारा रात्रभर एकमताने निकाल देत होता. टूलला दोष देऊन उपयोग नाही, जागा वाचवणं हेच त्याचं शिक्षण. प्रत्येक संचावर 'डोन्ट टच' अशी चिठ्ठी लावायची असते, ती मी लावली नव्हती.

आता चिठ्ठ्या लावल्यात. पण सगळंच तिप्पट केलं तर चिपमध्ये मावत नाही, आणि मोठी चिप घेतली तर विजेचं गणित कोसळतं. कोणी हे केलंय का? काय तिप्पट करावं आणि काय देवाच्या भरवशावर सोडावं?

---

खवचट_खडू
७ डिसेंबर, सकाळी ८:१५

लेख छान. पण एवढी उस्तवार कशाला? किरणोत्सर्ग सोसणारी चिप बाजारात मिळते ना, ती घ्या आणि झोपा.

---

घाटकोपरी
७ डिसेंबर, सकाळी ९:०२

@खवचट_खडू, मिळते. व्हर्टेक्स-५क्यूव्ही घ्या. तिच्या वहीतली एकेक पेशी १२ ट्रान्झिस्टरची आहे, साध्या पेशीत ६ असतात. बिट दोन ठिकाणी धरून ठेवलेला असतो, एका ठिकाणी धक्का बसला तर दुसरं ठिकाण त्याला जागेवर आणतं. उत्तम माल. किंमत विचारली तेव्हा आमच्या साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. शिवाय निर्यात परवाने, महिनोन्‌महिने वाट. एवढ्यात आमच्यासारख्यांचा अख्खा प्रकल्प होतो.

दुसरा मार्ग अँटीफ्यूजचा, त्यात जोडणी एकदा केली की कायमची, पलटायला बिटच नाही. पण मग हॉल कसला, इमारतच झाली. तिसरा फ्लॅशवाल्यांचा. त्यात वही सहसा पलटत नाही, मात्र फ्लिप-फ्लॉप पलटतातच, त्यामुळे तिथेही ही डोकेदुखी पूर्ण सुटत नाही.

---

पावणेनऊची_लोकल
७ डिसेंबर, सकाळी ९:४०

मी कॉमर्सवाली, तरी मंगल कार्यालयापर्यंत सगळं समजलं. प्रश्न: हे फक्त वर आकाशात होतं की माझ्या मोबाइलमध्येही? काल यूपीआयचे पैसे दोनदा कापले गेले, ते खापर सूर्यावर फोडता येईल का?

---

शिंपले
७ डिसेंबर, दुपारी १:३०

ताई, यूपीआयचं खापर सूर्यावर नको, तो बिचारा आधीच बदनाम आहे.

पण जमिनीवरही होतं हे खरं. मी कुलाब्याच्या बाजूला भौतिकशास्त्रात रमलेली बाई, म्हणून थोडं लांबण लावते. अवकाशातून येणारे प्रोटॉन आणि जड कण हवेच्या अणूंवर आदळतात, त्यातून नवे कण, त्यांतून आणखी कण. अशा एका वर्षावाचं गणित होमी भाभांनी वाल्टर हाइटलर या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर १९३७ मध्ये मांडलं, म्हणजे या विषयात आपण मुंबईकर अगदीच परके नाही. वर्षावातले न्यूट्रॉन समुद्रसपाटीपर्यंत पोचतात. न्यूट्रॉनला विद्युतभार नसतो, तो स्वतः रेघ ओढत नाही. पण सिलिकॉनच्या अणुकेंद्राला जाऊन धडकला की त्याचे तुकडे उडतात आणि ते तुकडे रेघ ओढतात. विमानाच्या उंचीवर असे न्यूट्रॉन जमिनीच्या शंभराहून अधिक पट असतात, म्हणून विमानवाले एवढे हळवे.

आणि कधीकधी शत्रू घरातलाच निघतो. १९७८ मध्ये इंटेलच्या मे आणि वूड्स यांनी दाखवलं की मेमरीतल्या चुका चिपच्या वेष्टनातल्या युरेनियम-थोरियमच्या अंशांमुळे होताहेत. चिनी मातीच्या त्या वेष्टनांचा कारखाना अमेरिकेतल्या ग्रीन रिव्हर नदीवर, वरच्या अंगाला जुनी युरेनियमची खाण. पाण्यातून आलं, वेष्टनात बसलं, अल्फा कण सोडत राहिलं. बिट पलटला, की आधी आकाशाकडे बघायचं की डब्याकडे, हा प्रश्न तेव्हापासूनचा.

आपल्याला एक फायदा आहे. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र भारित कणांना वळवतं आणि विषुववृत्ताजवळ हा अडसर सर्वांत जबर असतो. ध्रुवांकडे जाल तसा तो विरळ. म्हणून मुंबईच्या डोक्यावर कॅनडापेक्षा कमी पाऊस पडतो, या पावसाचा तरी.

अवांतर: १८५९ च्या सप्टेंबरात सूर्याने जे प्रचंड वादळ पाठवलं त्याची चुंबकीय नोंद कुलाब्याच्या वेधशाळेत झालेली आहे. क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने कोसळला होता. आजही त्या वादळाचा जोर काढताना शास्त्रज्ञ कुलाब्याचे आकडे काढून बसतात. पुढे मुंबईत विजेवरची ट्राम येणार म्हटल्यावर चुंबकीय उपकरणं १९०४ मध्ये अलिबागला हलवली. विजेचा गोंगाट नको म्हणून गाव सोडणारी ती पहिली मुंबईकर.

---

पावणेनऊची_लोकल
७ डिसेंबर, दुपारी १:४४

शिंपलेताई, वेगळा धागा काढा यावर. अलिबागचं माहीतच नव्हतं. दरवर्षी जातो आणि मासे खाऊन येतो.

---

बिट्टू२००४
७ डिसेंबर, रात्री १०:१०

सर, मी शेवटच्या वर्षाला आहे, आमचा प्रोजेक्ट याच्याच जवळचा आहे म्हणून गणित करून बघितलं. एका संचाची टिकण्याची शक्यता आर धरली तर तिहेरीची ३आर² − २आर³ येते. आर ०.९ असताना ०.९७२, म्हणजे मस्त. ०.५ ला ०.५ च. आणि ०.४ ला ०.३५२, म्हणजे एकट्यापेक्षा वाईट! माझं काही चुकतंय का? गाइड मॅम म्हणाल्या, पुन्हा कर.

---

घाटकोपरी
७ डिसेंबर, रात्री ११:२५

बिट्टू, पुन्हा करू नकोस, बरोबर आहे. मॅमना हे असं दाखव. एकटा संच सरासरी एक वर्ष टिकतो धर. तीन असले की त्यांतला पहिला पडायला सरासरी १/३ वर्ष लागतं, कारण पडायला तिघं उभे आहेत. उरले दोन. त्यांतला एक पडला की बहुमत गेलं, त्याला आणखी १/२ वर्ष. बेरीज ५/६. म्हणजे तिप्पट खर्च करून सरासरी आयुष्य एकट्यापेक्षा कमी!

मला या विषयात काही सांगायचं असेल तर ते एवढंच. लोक तीन हा आकडा बघून खूश होतात. तीन केल्याने तुम्हाला फक्त उसंत मिळते. पहिला पडला तरी काम अडत नाही, तेवढ्या वेळात त्याला उठवायचं. दुसरा पडायच्या आत. उठवणारा नसेल तर तीन तिघाडा हीच म्हण खरी.

उठवणारा म्हणजे स्क्रबिंग. सोसायटीचा गुरखा रात्रभर काठी आपटत फिरतो तसा एक कोअर सतत वही वाचत फिरतो. आर्टिक्स ज्यातली त्या ७-मालिकेत वहीचं एक पान, म्हणजे फ्रेम, ३२३२ बिटांचं. त्यातच १३ बिट तपासणीचे, त्यांवरून एक पलटलेला बिट नेमका कुठला ते कळतं आणि तो परत उलटवून पान जागेवर ठेवायचं. बारक्या चिपमध्ये अख्खी फेरी काही मिलिसेकंदांत होते. तेवढ्या मिलिसेकंदांत दुसऱ्या संचालाही कण लागायचा म्हणजे नशीब फारच फुटकं हवं. एकाच पानात दोन बिट गेले तर मात्र या १३ बिटांना दुरुस्ती जमत नाही, फक्त बोंब मारता येते. मग बाहेरच्या फ्लॅशमधल्या मूळ प्रतीवरून पान पुन्हा लिहायचं.

---

खवचट_खडू
८ डिसेंबर, सकाळी ८:०५

मग गुरखाच ठेवा, तीन संच कशाला? चूक सापडली की दुरुस्त. एकाच संचात भागतं.

---

घाटकोपरी
८ डिसेंबर, सकाळी ८:५०

(ऐरोलीच्या सिग्नलला बसमधून लिहितोय, शुद्धलेखन माफ.)

गुरखा येईपर्यंतच्या मिलिसेकंदांत घड्याळाचे लाखभर ठोके पडून गेलेले असतात. तेवढ्यात बिघडलेलं सर्किट चुकीचे आकडे फ्लिप-फ्लॉपमध्ये लिहून मोकळं. गुरखा वही दुरुस्त करतो, फ्लिप-फ्लॉपमधला आकडा नाही. यावरच मी ऑगस्टमध्ये आपटलो. एक साधा गणक होता, चित्राची ओळ मोजणारा, तीन प्रती केलेला. एका प्रतीची वही बिघडली, गुरख्याने तत्काळ दुरुस्त केली, मी टाळ्या वाजवल्या. पण तोवर ती प्रत ५१२ ऐवजी ५७६ वर पोचली होती. पुढे ती इमानदारीने ५७७, ५७८ मोजत राहिली. घड्याळ दुरुस्त झालं, वेळ कोणी लावलीच नाही. दोघांच्या बहुमताने बाहेर सगळं ठीक दिसत होतं. तासाभराने दुसऱ्या प्रतीला फटका बसला आणि सगळं भुईसपाट.

म्हणून व्होटर फक्त शेवटी लावून भागत नाही. ज्या ज्या ठिकाणी आकडा फिरून स्वतःकडेच परत येतो, त्या वळणावर व्होटर हवा. प्रत्येक ठोक्याला तिघांनी एकमेकांना विचारायचं, किती झाले रे? चुकलेला पुढच्या ठोक्याला रांगेत.

---

जुना_रिले
८ डिसेंबर, दुपारी ३:१५

घाटकोपरी साहेब, नमस्कार. मी रेल्वेच्या सिग्नल खात्यात ३४ वर्षं काढली, आता मुलुंडला नातवंडं सांभाळतो. एफपीजीए वगैरे कळत नाही. पण तीनपैकी दोनचं बहुमत आमच्याकडेही आलं होतं. इलेक्ट्रॉनिक इंटरलॉकिंगच्या (सांधे आणि सिग्नल एकमेकांशी बांधून ठेवणाऱ्या) यंत्रांत एक प्रकार असाच, तीन प्रोसेसर, दोघं जुळले तरच सिग्नल हिरवा. दुसरा प्रकार दोनपैकी दोनचा, मागे तशीच एक जोडी तयार ठेवलेली.

त्याआधी आमचे रिले, म्हणजे विजेच्या चुंबकाने लोखंड उचलून चालणारे स्विच. त्यांचं लोखंड वजनाने खाली पडायचं. वीज गेली, तार तुटली, काहीही झालं तरी गुरुत्वाकर्षण कुठे जात नाही. लोखंड पडलं की सिग्नल लाल. गाडी उभी. पब्लिक शिव्या घालतं, पण जिवंत राहून घालतं.

तुमच्या उपग्रहाला लाल सिग्नल आहे का? नसेल तर तुमचं काम आमच्याहून अवघड आहे. आणि एक विचारतो, राग मानू नका. तीन यंत्रं केलीत, त्या तिघांना पुरवठा कुठून? आमच्याकडे तपासणीला साहेब आले की यंत्र नंतर बघायचे, आधी केबल कुठून आल्या ते बघायचे.

---

घाटकोपरी
८ डिसेंबर, रात्री १०:४०

काका, राग कसला. हा प्रतिसाद मी ऑफिसात दोघांना वाचून दाखवला.

लाल सिग्नल आमच्याकडे अर्धामुर्धा आहे. सेफ मोडमध्ये जाऊन पडून राहणं, हे म्हटलं तर लाल. पण सूर्याकडे तोंड करून बसणं, उष्णता सांभाळणं, खालून हुकूम ऐकणं, हे थांबवून चालत नाही. गाडी थांबते, कक्षा थांबत नाही.

तुमच्या केबलच्या प्रश्नावरून एक गोष्ट कबूल करतो. आमच्या चाळीत जिन्याखाली सगळ्यांचे मीटर एकाच पेटीत होते. बिऱ्हाडं वेगळी, मीटर वेगळे, बिलं वेगळी. एकदा ठिणगी पडली आणि तिन्ही मजले अंधारात. एफपीजीएत नेमकं हेच होतं. टूलला तारा आखूड करायच्या असतात, म्हणून ते तिन्ही संच एकमेकांत कालवून बसवतं. मग एकाच स्विच-पेटीतून पहिल्याचीही तार जाते आणि दुसऱ्याचीही. वहीतला एकच बिट पलटून त्या दोन तारा एकमेकींना चिकटल्या की एका फटक्यात दोन मतं बाद. तिसरा खरं बोलत असतो, पण अल्पमतात! आता मी तिघांना वेगवेगळे वाडे आखून दिलेत, मध्ये मोकळी गल्ली. तारा लांबल्या, टायमिंग कसंबसं बसलं. चालेल.

---

खवचट_खडू
९ डिसेंबर, सकाळी ७:५५

खरं बोलणारा अल्पमतात. आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेचं यंत्र कोणी बनवलं ते कळलं.

---

बिट्टू२००४
९ डिसेंबर, संध्याकाळी ६:२०

मतांवरून आठवलं. २००३ मध्ये बेल्जियमच्या निवडणुकीत एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडली होती. ४०९६ म्हणजे बरोबर २ चा १२ वा घात! वैश्विक किरणाने एक बिट पलटवला असं म्हणतात.

---

शिंपले
९ डिसेंबर, रात्री ९:०५

बिट्टू, "म्हणतात" हा शब्द वापरलास ते बरं केलंस. आकडा पाहता एक बिट पलटला हे जवळजवळ नक्की. तो कोणी पलटवला हे कणाने सही करून ठेवलेलं नसतं. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियाजवळ क्वांटासच्या ए-३३० विमानाने असेच गचके खाल्ले, तिथेही चौकशीत ही शक्यता तपासली, पण ती सिद्ध करण्याइतका पुरावा मिळाला नाही. आमच्या क्षेत्रात न सापडणाऱ्या चुकीचं खापर किरणांवर फोडायची वाईट सवय आहे. निम्म्या वेळा सैल कनेक्टर निघतो.

घाटकोपरी, बिट पलटवायची तुमची चाचणी चांगली आहे, पण ती फक्त वहीची. खऱ्या कणांखाली चिप ठेवायची तर लांब जायला नको. कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि संस्था मिळून चालवतात तो १४ दशलक्ष व्होल्टचा पेलेट्रॉन, म्हणजे कणांना वेग देणारं यंत्र, आहे. जड आयनांचा झोत. अडचण एकच, हे आयन सिलिकॉनमध्ये मायक्रॉनच्या हिशोबात थांबतात, चिपचं प्लॅस्टिक त्यांना पार होत नाही. म्हणून आधी आम्लाने वरचं टोपण उडवावं लागतं, आतल्या सोन्याच्या केसाएवढ्या तारा न तोडता. पहिल्या दोनतीन चिपा लोक त्यातच मारतात. झोताखाली जाण्याआधी.

किरणोत्सर्गाच्या हळूहळू साठणाऱ्या मात्रेची चाचणी करायला कोबाल्ट-६० चे गॅमा किरण लागतात, ते वेगळं प्रकरण. तिथे बिट पलटत नाही, ट्रान्झिस्टर हळूहळू म्हातारा होतो. त्याला बहुमतही वाचवत नाही, तिघं एकदमच म्हातारे होतात.

---

बिट्टू२००४
९ डिसेंबर, रात्री ९:३०

मग त्यासाठीच पुनर्रचना ना? चिपचा एक कोपरा कायमचा मेला की ते सर्किट दुसऱ्या कोपऱ्यात हलवायचं?

---

घाटकोपरी
९ डिसेंबर, रात्री ११:१५

कल्पना तीच. चिपचे चौकोन आखायचे, एखादा चौकोन रिकामा ठेवायचा, मेलेल्या चौकोनातलं बिऱ्हाड तिकडे हलवायचं. बाकीची चिप चालू असताना तेवढाच भाग पुन्हा लिहिता येतो. संशोधनाच्या पेपरांत हे फार देखणं दिसतं. बोर्डावर मी अजून केलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर लहान मोहिमेत कायमच्या मरणापेक्षा तात्पुरत्या भोवळीच जास्त सतावतात. तुझ्या प्रोजेक्टला मात्र जरूर घे, परीक्षक खूश होतात.

पुनर्रचनेचा जो उपयोग मला मनापासून पटतो तो वेगळा आहे. १८ फेब्रुवारी २०२१ ला नासाची पर्सिव्हरन्स गाडी मंगळावर उतरली. उतरताना जमिनीची चित्रं नकाशाशी जुळवण्याचं काम व्हर्टेक्स-५क्यूव्ही करत होती. उतरल्यावर त्या कामाचा उपयोग संपला. मग त्याच चिपमध्ये गाडी चालवताना लागणारं चित्रांचं काम भरलं. सकाळी मुंज, संध्याकाळी रिसेप्शन, तेही मंगळावर.

---

पावणेनऊची_लोकल
१० डिसेंबर, सकाळी ९:१०

हे वाचून लोकलमध्ये एकटीच हसले. शेजारची बाई सरकून बसली. जागा मिळाली, धन्यवाद.

---

घाटकोपरी
१४ डिसेंबर, दुपारी ४:०५

मंडळी, अहवाल.

मूळ प्रश्न होता काय तिप्पट करावं. सगळ्यांचं ऐकून आणि आठवडाभर चुका घालून असं ठरवलं: पिक्सेल ज्या वाटेने सरळ वाहत जातात ती वाट एकेरीच ठेवली. तिथे बिट पलटला तर चित्रात एक पांढरा ठिपका किंवा एखादी ओळ खराब, गुरखा आला की पुढची ओळ स्वच्छ. चूक वाहून जाते. पण जिथे अवस्था लक्षात ठेवली जाते, म्हणजे गणक, स्थितियंत्र (आत्ता कुठल्या पायरीवर आहोत ते लक्षात ठेवणारं सर्किट), मेमरीचे पत्ते, तिथली चूक घरजावई होऊन बसते. ते सगळं तिप्पट, प्रत्येक वळणावर व्होटर. अशा हिशोबाने चिपमध्ये मावलं, आणि थोडी जागाही उरली.

एक खाच बिट्टूसाठी. स्थितियंत्रात "याव्यतिरिक्त काही आलं तर पहिल्या अवस्थेत जा" अशी ओळ आपण सगळेच लिहितो. टूल म्हणतं, याव्यतिरिक्त काही येऊच शकत नाही, आणि ती ओळ पुसून टाकतं. त्याला किरण ठाऊक नाहीत. सुरक्षित स्थितियंत्राचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. बसव आणि मग जुळणीनंतरचं सर्किट उघडून डोळ्यांनी बघ, माझ्यासारखा हिरव्या रंगावर विश्वास ठेवू नकोस.

काल रात्री पुन्हा चाचणी लावली. सकाळी नोंदी बघितल्या. चित्रात ठिपके भरपूर, ते अपेक्षितच. पूर्ण कोसळणं मात्र मोजक्या वेळा. प्रत्येक वेळी पत्ता जवळपास सारखाच, चिपच्या डाव्या कडेचा, एकाच छोट्या भागातला. दोन तास शोधलं. तिथे काय सापडावं? रीसेट. तिन्ही संचांना जाणारी रीसेटची तार एकाच फ्लिप-फ्लॉपमधून निघत होती. त्याची वही बिघडली की तिघं एकदम शून्यावर, आणि व्होटर म्हणणार एकमत आहे.

काका, तुम्ही सोमवारी विचारलं होतं, तिघांना पुरवठा कुठून. मी तेव्हा मीटरच्या पेटीची गोष्ट सांगून वेळ मारून नेली.

---

जुना_रिले
१४ डिसेंबर, संध्याकाळी ५:५०

होतं असं. आमच्याकडे एकदा दोन वेगळ्या केबल टाकल्या, दोन्ही एकाच चरातून. जेसीबीने दोन्ही एकदम उचलल्या.

रीसेट तीन करा. आणि घड्याळाचे ठोके म्हणालात, त्याचं काय? ठोके देणारे स्फटिक बोर्डावर किती?

---

घाटकोपरी
१४ डिसेंबर, संध्याकाळी ६:३२

एक.

बोर्ड छापून आलाय काका.